सोळा ते एकवीस: नाशिकमध्ये घर सुटणाऱ्या मुलामुलींसाठी खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका

सविनय नमस्कार.

नाशिक शहर आणि जिल्ह्यात बालगृहे, निवारा केंद्रे, समुपदेशन आणि मुलांच्या कोर्टकचेरीची कामे करणारी आम्ही काही माणसे मिळून हे पत्र लिहीत आहोत. विषय आहे सोळा ते एकवीस वयाच्या मुलामुलींचा. काहींचे घर सुटलेले आहे, काहींचे येत्या आठवड्यात-पंधरवड्यात सुटणार आहे. त्यांच्या आईवडिलांचाही विषय यातच येतो, कारण बहुतेक वेळा मूल घराबाहेर पडते तेव्हा ते घरही भाड्यापायी, आजारपणापायी किंवा दारूपायी मोडायला आलेले असते.

योजना कमी नाहीत. तरीही घर सुटण्याआधीचे पंधरा दिवस आणि सुटल्यानंतरचे पहिले तीन दिवस या मुलांजवळ सरकारचे कोणीही उभे नसते. यंत्रणा हलते ती त्यानंतर. तोवर मुलाला झोपायला जागा देणारा, कामाला लावणारा किंवा नशा देणारा कोणीतरी भेटलेला असतो. आमच्या मागण्यांचा गाभा हे अठरा दिवस आहेत, आणि त्यातले बहुतेक जिल्ह्याच्या हातात आहे.

अठराच्या आतल्यांसाठी कायदा चोख आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मिळाल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे, हजर करायचे. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश ४ महिन्यांत. पालकांपासून दुरावलेले मूल सापडून आपल्या ताब्यात असूनही न कळवणे हा याच कायद्याने गुन्हा आहे. अडचण येते ती वयाची. नाशिकरोड स्थानकावर, ठक्कर बाजार बसस्थानकात किंवा द्वारकेच्या पुलाखाली रात्री सापडलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हमखास "एकोणीस" सांगतो. ढाब्यावर किंवा केटरिंगच्या टोळीत काम मिळवताना त्याला तेच सांगायला शिकवलेले असते. मिसरूड फुटलेली असते, आवाज फुटलेला असतो, समोरचा विश्वास ठेवतो आणि त्याला फलाटावरून उठवून बाहेर काढतो. कागदावर तो प्रौढ झाला, म्हणजे त्याच्यासाठी असलेली सगळी दारे बंद.

यावर उपाय साधा आहे, पण तो रात्रपाळीच्या प्रत्येक पोलिसाला आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला माहीत असायला हवा. वय विचारू नका, शाळा विचारा. कोणती शाळा, कितवीत सोडली, वर्गशिक्षक कोण. मुलगा वय खोटे सांगतो, पण शाळेचे नाव सहसा खरे सांगतो. सकाळी अकरा वाजता मुख्याध्यापकांना एक फोन केला की जनरल रजिस्टरवरची जन्मतारीख मिळते. कायद्याचे कलम ९४ सुद्धा हाच क्रम सांगते: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. हाडांच्या तपासणीने वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि सोळा-सतराच्या मुलाचे सगळे भवितव्य त्या फरकातच अडकलेले असते. खात्री होईपर्यंत त्याला बालकच धरावे, असा लेखी आदेश दोन्ही यंत्रणांना जावा, ही आमची पहिली विनंती.

आता त्या पहिल्या रात्रीबद्दल. मुलांच्या मदतीच्या १०९८ क्रमांकावर फोन लागतो, माणूस येतो, नोंद होते. तरीही रात्री साडेअकराला मुलाला नेमके न्यायचे कुठे हे ठरलेले नसते. वैद्यकीय तपासणीशिवाय संस्था घेत नाही, तपासणीसाठी पोलिसाचे पत्र लागते, पत्र देणारा अंमलदार बंदोबस्तावर गेलेला असतो. नाशिकरोडला सापडलेल्या मुलाची तपासणी बिटको रुग्णालयात, पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या मुलाची झाकिर हुसेन रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात, असे भागवार ठरवून द्यावे. पत्राचा छापील नमुना स्थानकावरच ठेवावा. मूल तपासणीला जाण्याआधी त्याला खायला द्यावे. दिवसभर उपाशी पोर भोवळ येऊन पडले की त्याच्या केसपेपरवर नशेचा संशय लिहिला जातो आणि मग पुढची संस्था त्याला नाकारते. सोल्यूशन किंवा व्हाइटनर ओढणारे मूलसुद्धा याच कारणाने परत पाठवले जाते. त्या रात्री त्याला हवे असते पाणी, झोप आणि उघडी खिडकी असलेली खोली. व्यसनमुक्तीचे बोलणे दोन-तीन दिवसांनी सुरू करता येते.

पहिल्या रात्रीची आणखी एक चूक नित्याची आहे. मुलासमोरच घरी फोन लावला जातो आणि स्पीकर चालू ठेवला जातो. पलीकडून बाप शिव्या देतो किंवा आई रडते, आणि मूल पहाटे उठून निघून जाते. घरी कळवायलाच हवे, यात वाद नाही. पण फोन कार्यकर्त्याने बाजूला जाऊन करावा. "मुलगा सुखरूप आहे, जेवला आहे, उद्या दुपारी या" एवढेच सांगावे. घर का सोडले, चूक कोणाची, हे त्या रात्री कोणालाच विचारू नये. दुसऱ्या दिवशी मुलाशी आधी एकट्याने बोलावे. पालकांसमोर विचारलेल्या प्रश्नाला मूल पालकांना आवडेल तेच उत्तर देते.

यानंतर येते गृहचौकशी, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. पालक येतात, हमीपत्रावर सही करतात, "यापुढे मारणार नाही" असे लिहून देतात आणि त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन जातात. प्रकरण निकाली निघते. महिन्याभरात तेच मूल पुन्हा स्थानकावर, आणि या वेळी ते १०९८ च्या माणसापासून लपते, कारण गेल्या वेळी त्यानेच घरी पोचवले होते. घरी पाठवणे हेच पहिले उद्दिष्ट असावे, हे कायदाही सांगतो आणि आम्हीही मानतो. पण कागदावरचे घर आणि खरे घर यांत फरक असतो, तो पाहायला दारात जावे लागते.

गृहचौकशी म्हणजे शेजाऱ्याची सही आणि घराचा फोटो नव्हे. घरात त्या मुलाचे अंथरूण अजून आहे का, की त्या जागी शिलाई मशीन आले? दप्तर आणि वह्या कुठे आहेत? दाराला आतून कडी आहे का? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील, त्यात सावत्र वडील आणि सोळा वर्षांची मुलगी असेल, तर तिच्या घर सोडण्याचे कारण अहवालात वेगळे लिहायची गरज उरत नाही. घरभाडे किती आणि किती महिन्यांचे थकले, वीज तोडली आहे का, कमावते हात किती, रेशन मिळते का, औषधांवर किती जातात, कोणाचे कर्ज आहे आणि हप्ता आठवड्याचा आहे की महिन्याचा, हे विचारावे. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या साप्ताहिक हप्त्यापायी मुलाला शाळेतून काढून कामाला लावलेले असते, आणि भांडण वरकरणी मोबाइलवरून झालेले असते. परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा समाजकार्यकर्त्याने किमान दोनदा जावे. एकदा सांगून आणि एकदा न सांगता, तेही संध्याकाळी सातनंतर, कारण दारूचा प्रश्न दुपारी दिसत नाही.

मूल घरी गेल्यावर पाठपुरावा कोणी, कधी करायचा याची तारीख आदेशातच लिहावी. आमची शिफारस अशी: तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी भेट, पुढे सहा महिने महिन्यातून एकदा भेट. पाठपुरावा शाळेच्या किंवा आयटीआयच्या हजेरीशी जोडावा. सलग चार दिवस गैरहजर म्हणजे घरात पुन्हा काहीतरी बिनसले, एवढे पक्के समजावे.

आता कुटुंबाबद्दल, कारण खरी बचत इथेच आहे. अंबड-सातपूरच्या कंत्राटी कामगाराचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, पेठ-सुरगाण्याहून शहरात आलेल्या जोडप्याचे घर कसे सुटते? काम दोन महिने बंद पडते किंवा कोणीतरी दवाखान्यात दाखल होते. भाडे थकते. घरमालक आधी अनामतीतून भाडे कापतो, अनामत संपली की खोलीला आपले कुलूप लावतो आणि भांडीकुंडी आत अडकवतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, पण भाडेकरूला ते माहीत नसते आणि पोलीस "हा दिवाणी मामला" म्हणून परत पाठवतात. मग धाकटी दोन मुले मामाकडे, आई बहिणीकडे, बाप कामाच्या साइटवर, आणि सोळा-सतराचा थोरला "तू तुझे बघ" म्हणून मोकळा. या प्रसंगात कोणी वाईट वागलेले नसते. त्या मुलाला नंतर बालगृहात ठेवायचे तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या नियमाप्रमाणे संस्थेला त्याच्यासाठी महिन्याला ३,००० रुपये मिळतात. एका खोलीचे महिन्याचे भाडे यापेक्षा फार जास्त नसते, आणि थकलेले भाडे भरले तर पाचही माणसे एकत्र राहतात.

यासाठी आजच्या योजना कुठे कमी पडतात ते नेमके सांगतो. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून, महिन्याला ४,००० रुपये मिळतात. पण उत्पन्नाची मर्यादा शहरी कुटुंबासाठी वर्षाला ९६,००० आहे, म्हणजे महिन्याला ८,००० रुपये. ग्रामीण कुटुंबासाठी ७२,०००. नाशकात १२,००० कमावून त्यातले चार-पाच हजार भाड्याला देणारे कुटुंब या मर्यादेत बसत नाही, आणि तेच कुटुंब सगळ्यात आधी रस्त्यावर येते. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना महिन्याला २,२५० रुपये देते. ती चांगली आहे, पण अर्ज, गृहचौकशी, समितीचा आदेश आणि बँकेत पैसे यांत कित्येक महिने जातात. घरमालक तेवढा थांबत नाही. दोन्ही योजना अठराव्या वर्षी थांबतात. ज्याचा वाढदिवस नोव्हेंबरात, त्याचे पैसे बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर बंद.

म्हणून आमची मधली आणि मुख्य मागणी: जिल्ह्याने एक तातडीचा कुटुंब निधी उभारावा. कुटुंबाला एकदाच, कमाल १५,००० रुपये, अर्जापासून ७२ तासांत. पैसे कुटुंबाच्या हातात न देता थेट घरमालकाच्या, वीज कंपनीच्या किंवा दवाखान्याच्या खात्यात जावेत. यामुळे गैरवापराचा प्रश्न येत नाही आणि नवऱ्याच्या हाती पैसे पडण्याची बाईला असलेली भीतीही राहत नाही. मंजुरी समाजकार्यकर्त्याच्या एका पानी अहवालावर, बाल संरक्षण अधिकाऱ्याच्या सहीने व्हावी. बदल्यात घरमालकाकडून किमान सहा महिने खोली खाली न करण्याचे पत्र घ्यावे आणि करार नोंदवून द्यावा. उत्पन्नाचा दाखला आधी मागू नये, तो ३० दिवसांत जोडता येतो. वर्षाला २०० कुटुंबे धरली तर हा निधी ३० लाखांचा होतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीत महिला व बालविकासासाठी ३ टक्के राखीव आहेत, महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणाचे ५ टक्के आहेत. त्या रकमांपुढे ३० लाख ही मोठी मागणी नाही.

मारहाणीच्या घरांना मात्र पैशाने सांधता येत नाही. तिथे आईसाठी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ आहे. त्याच्या कलम १९ खाली राहत्या घरातून तिला बाहेर काढू नये असा आदेश मिळतो, आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असे कायदाच म्हणतो. तरीही आईला घर सोडावेच लागले तर महिलांच्या निवाऱ्यात ठरावीक वयापुढच्या मुलग्याला तिच्याबरोबर घेत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, ज्याने बहुधा आईवरचा मार स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो, तो इथे एकटा पडतो. त्याला बापाकडे परत पाठवता येत नाही आणि आईकडे जाऊ दिले जात नाही. अशा कुटुंबांसाठी दोन-तीन स्वतंत्र खोल्या राखून ठेवाव्यात, जिथे आई सगळ्या मुलांसह राहू शकेल. महापालिकेच्या रिकाम्या पडलेल्या सदनिका यासाठी पाहता येतील.

अठराव्या वर्षाकडे वळतो. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे आर्थिक साहाय्य "देता येईल". अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय २१ वर्षांपर्यंत आहे, अपवाद म्हणून २३. मिशन वात्सल्य त्यासाठीही महिन्याला ४,००० देते. पण हे फक्त संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना. जो सतराव्या वर्षी नाशिकरोडच्या पुलाखाली होता आणि तिथेच अठरा वर्षांचा झाला, त्याला यातले काहीही नाही. समितीने त्याला सतराव्या वर्षी एकदा जरी रीतसर दाखल करून घेतले असते तर तो पात्र ठरू शकला असता. त्यामुळे सतरा वर्षांचे मूल सापडले की "आता काय, वर्षभराचाच प्रश्न" असे म्हणून ते सोडून देऊ नये. ते एक वर्ष त्याच्या पुढच्या तीन वर्षांचा हक्क ठरवते.

संस्थेतल्या मुलांची तयारी सोळाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी. सुरुवात कागदांपासून. आधारचे बायोमेट्रिक १५ व्या वर्षी अद्ययावत करणे सक्तीचे आहे. बालगृहातल्या मुलांचे ते राहून जाते, मग अठराव्या वर्षी बँकेत अंगठा जुळत नाही आणि खाते अडते. लहानपणी काढलेले अज्ञान (अल्पवयीन) खाते अठरा झाल्यावर नव्या केवायसीशिवाय चालत नाही. पहिल्या पगाराच्या वेळी हे कळते. आधारवरचा पत्ता बालगृहाचा असतो, आणि बाहेर पडल्यावर पत्त्याचा पुरावा कोणताच नसतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र आधारसाठी चालते, हे अनेक आधार केंद्रांवरच्या ऑपरेटरांना माहीत नसते. जिल्हा प्रशासनाने एक परिपत्रक काढले तर हा रोजचा वाद मिटेल. मतदार यादीत नाव घालण्यासाठी बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो तिथे बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री जाऊन खात्री करायची असते. अनाथ मुलांसाठी राज्यात १ टक्का आरक्षण आहे, पण महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढलेले नसेल तर आयटीआयच्या प्रवेशफेरीत त्याचा उपयोग नाही. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडचा महसुली पुरावा लागतो, आणि वडिलांशीच संबंध तुटलेला असतो. हे काम दोन वर्षे आधी धरले तरच होते.

प्रत्येक मुलाला बाहेर पडताना पाण्यात न भिजणारी एक फाइल द्यावी. तिच्यात आधार, पॅन, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा किंवा अनाथ असल्याचा दाखला, समितीच्या आदेशाची प्रत, पासबुक, रक्तगट आणि लसीकरणाची नोंद असावी. त्या सगळ्याच्या स्कॅन प्रती डिजीलॉकरवर आणि एक संच जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठेवावा. रस्त्यावर पहिली चोरी पिशवीची होते. ज्याची पिशवी गेली तो आपण कोण हेच सिद्ध करू शकत नाही, मग काम नाही, खोली नाही, दवाखाना नाही.

शिक्षण सुटलेल्यांसाठी दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देण्याचा १७ नंबरचा फॉर्म हा चांगला रस्ता आहे. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते आणि मूल नेमके त्यानंतर सापडते. तेव्हा निवाऱ्यातल्या प्रत्येकाची शैक्षणिक चौकशी जूनमध्येच करून ठेवावी. कॉलेजात असलेल्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाच्या स्वाधार (अनुसूचित जातींसाठी) आणि स्वयम् (अनुसूचित जमातींसाठी) योजना आहेत, पण स्वाधारची रचना बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. नाशकातच आईवडील असून घरातून काढलेला मुलगा "स्थानिक" ठरतो आणि वगळला जातो. हा बदल शासनस्तरावर व्हायला हवा. आपण तशी शिफारस पाठवावी.

आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, म्हणून एक गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. आश्रमशाळेतला मुलगा दहावीची परीक्षा देऊन मार्चअखेर बाहेर पडतो. पुढच्या वसतिगृहाचा प्रवेश व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. ज्याचे आईबाप निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर किंवा बांधकामावर फिरतीला आहेत, त्याने हे चार महिने कुठे काढायचे? हंगामी वसतिगृहे मुख्यतः सहा ते चौदा वयोगटासाठी आहेत. सुट्टीत एखादे वसतिगृह अशा मुलांसाठी चालू ठेवले तरी मोठा प्रश्न सुटेल. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला होता. त्या मुलांच्या घरातली ओढाताण आणि ही ओढाताण एकच आहे.

आता निवारा. २०२४ मध्ये मुदत संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमस्वरूपी सोय हवी होती, माणशी ५० चौरस फूट. नाशिक महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,८६,०५३ होती. त्या हिशोबाने तेव्हाच सुमारे १,५०० जागा हव्या होत्या. पण तरुणांसाठी प्रश्न केवळ खाटांचा नाही. अठरा-एकोणीसचा मुलगा सर्वसाधारण निवाऱ्यात एक रात्र राहतो आणि दुसऱ्या रात्री येत नाही. मोबाइल चोरीला जातो. मोठ्या माणसांकडून त्रास होतो, त्याबद्दल तो बोलत नाही. रात्री नऊला दार बंद होते आणि त्याचे केटरिंगचे काम एकला संपते. तिसऱ्या पाळीचा कामगार असेल तर त्याला दिवसा झोपायचे असते, आणि दिवसा केंद्र रिकामे करायला सांगतात.

म्हणून १८ ते २१ साठी वेगळा निवारा हवा. सुरुवातीला २० खाटा, म्हणजे झोपण्यापुरती १,००० चौरस फूट जागा, शिवाय स्वयंपाकघर आणि बोलायला एक बंद खोली. प्रत्येकाला कुलपाचे कपाट आणि खाटेजवळ चार्जिंग पॉइंट. दार २४ तास उघडे. जागा सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा नाशिकरोडच्या आसपास, शहराबाहेर नको. कामावरून उशिरा सुटणाऱ्याला तिकडे जायला शेवटची बस मिळत नाही. दारावर "बेघर" शब्दाची पाटी नको, कारण तोच पत्ता त्याला मालकाला सांगायचा असतो. पहिले तीन महिने सिटीलिंक शहर बसचा मोफत पास द्यावा. कामाला लागल्यावर पहिला पगार हातात येईपर्यंतचा महिना सगळ्यात अवघड जातो, आणि बरेच जण याच महिन्यात काम सोडतात.

मनुष्यबळाचा हिशोब नेहमी चुकतो, म्हणून मांडून दाखवतो. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे एक काळजीवाहक सतत हजर ठेवायचा तर साडेतीन माणसे लागतात, आणि दोघे ठेवायचे तर सात. मंजुरी तिघांची मिळते. मग साप्ताहिक सुट्टी आणि आजारपण आले की रात्री कोणीच नसते, आणि जे काही वाईट घडते ते रात्रीच घडते. सातांच्या खाली हे केंद्र सुरूच करू नये. त्यांच्यासोबत एक पूर्णवेळ समुपदेशक आणि फक्त नोकरी, खोली व कागद यांच्या मागे धावणारा एक माणूस हवा. निधी कंत्राटदार संस्थेला दर तीन महिन्यांनी आगाऊ मिळावा; पगार थकले की चांगली माणसे सर्वांत आधी जातात आणि त्यांच्याबरोबर मुलांचा विश्वासही जातो.

मुली स्थानकावर दिसत नाहीत, त्यामुळे त्या नाहीतच असा समज होतो. त्या मैत्रिणीच्या घरी, दूरच्या नातेवाइकाकडे घरकामाच्या बदल्यात, किंवा लग्नाचे आश्वासन देणाऱ्याच्या खोलीवर असतात. अनेकींनी ठरलेले लग्न टाळण्यासाठीच घर सोडलेले असते. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची "मिसिंग" नोंद असेल तर पोलिसांनी तिचा जबाब पालकांच्या अनुपस्थितीत घ्यावा आणि तिचा पत्ता तिच्या संमतीशिवाय देऊ नये. नोकरदार महिलांच्या वसतिगृहात नोकरीचे पत्र आणि स्थानिक पालक मागतात. या दोन्ही अटी अशा मुलींसाठी बाल संरक्षण कक्षाच्या पत्रावर शिथिल कराव्यात. तृतीयपंथी मुलांना घरातून काढण्याचे प्रमाण आम्ही जवळून पाहतो. २०१९ च्या कायद्याचे कलम १२ सांगते की केवळ या कारणावरून मुलाला घरापासून तोडता येत नाही, तसे करायचे तर सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो. हे कलम पालकांसमोर ठेवले, आणि सोबत समुपदेशक बसला, तर काही घरे खरोखर विचार बदलतात.

आणि सिंहस्थ. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. रामकुंड, गोदाघाट आणि तपोवन मोकळे करण्याची मोहीम त्याआधी निघणार, हे उघड आहे. घाटावर झोपणाऱ्या मुलांना गाडीत घालून शहराबाहेर सोडू नये किंवा भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलू नये. मोहिमेच्या आधी एक महिना सर्वेक्षण करावे, अठराच्या आतल्यांना समितीपुढे न्यावे, वरच्यांना निवाऱ्यात जागा द्यावी. त्याच काळात तंबू, स्वयंपाक आणि सफाईच्या कंत्राटांवर बाहेरून शेकडो तरुण येतील. कंत्राटाच्या अटीत वयाचा पुरावा, झोपण्याची जागा आणि परतीचे भाडे या तीन गोष्टी घाला. पर्वणी संपल्यावर पगार न मिळालेली मुले नाशिकरोडला अडकतात ती याच तीन गोष्टी नसल्यामुळे. हरवलेल्यांच्या केंद्रावर घरातून निघून आलेली मुलेही येतील. त्यांना ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारून पालकांच्या हवाली करण्याआधी पाच मिनिटे एकट्याने बोलणारा प्रशिक्षित माणूस तिथे प्रत्येक पाळीत असावा.

पुढच्या ३० दिवसांत एक बैठक लावावी, ही विनंती. तिला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, बालकल्याण समिती, शहर व ग्रामीण पोलिसांची विशेष बाल पोलीस पथके, रेल्वे सुरक्षा दल, महापालिकेचा निवारा केंद्रे पाहणारा व वैद्यकीय विभाग, आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण एकाच वेळी हजर असावेत. वेगवेगळ्या बैठकांत प्रत्येक जण दुसऱ्याचे काम सांगतो. मुलांपैकी एकवीस ओलांडलेल्या दोघा-तिघांनाही बोलवावे, नावे जाहीर न करता. गृहचौकशीचा नमुना, एका पानी निधी-अर्ज, कागदांच्या फाइलची यादी आणि निवाऱ्याचा मनुष्यबळ तक्ता हे चारही मसुदे आम्ही तयार करून ठेवले आहेत आणि बैठकीच्या आठ दिवस आधी आपल्या कार्यालयात आणून देऊ.

आपले,
नाशिक जिल्ह्यात मुलांसोबत काम करणारे समाजकार्यकर्ते, समुपदेशक आणि वकील